साडेसातशे सीसीची शाळा

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखान्याच्या दारापाशी सुरुवात करतात आणि विक्रीच्या आकड्यांपाशी थांबतात. कोणी कल्पना काढली, कोणी भांडवल घातले, किती नग खपले, एवढे सांगून झाले की त्या वस्तूची कथा संपली असे धरले जाते. परंतु काही वस्तूंचे खरे आयुष्य त्या जुन्या झाल्यावर, पहिल्या मालकाच्या मनातून उतरल्यावर सुरू होते. इंग्लंडमधल्या ऑस्टिन सेव्हन या मोटारीची गोष्ट अशीच आहे. तिच्या जन्माबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या उत्तरायुष्याबद्दल जे लिहिले जाते ते मात्र बहुतेक वेळा पुढे नामवंत झालेल्या दोनतीन माणसांच्या चरित्रांतील पहिले प्रकरण म्हणून. हा क्रम थोडा उलटा करून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

जन्मकथा थोडक्यात अशी. १९२१ साली ऑस्टिन कंपनी कर्जात बुडून रिसीव्हरच्या ताब्यात गेली होती. हर्बर्ट ऑस्टिन यांना एक अगदी लहान मोटार काढायची होती, पण संचालक मंडळ अनुकूल नव्हते. तेव्हा त्यांनी स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या आरेखकाला आपल्या घरी बोलावले आणि बिलियर्डच्या खोलीत बसून दोघांनी आराखडे तयार केले. खर्चाचा धोका ऑस्टिन यांनी स्वतः पत्करला आणि मोबदल्यात दर मोटारीमागे दोन गिनी स्वामित्वशुल्क ठरवून घेतले. १९२२ मध्ये जाहीर झालेली ही मोटार १९३९ पर्यंत सुमारे २ लाख ९० हजार एवढ्या संख्येने तयार झाली. नावातला ‘सात’ हा आकडा करआकारणीच्या अश्वशक्तीचा. त्या काळच्या ब्रिटिश कायद्यात ही अश्वशक्ती केवळ सिलिंडरच्या व्यासावरून मोजली जाई. म्हणून व्यास अवघा ५६ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७६ मिलिमीटरांहून थोडी अधिक, असे ७४७ सीसीचे उंचेले इंजिन तिच्यात आले. प्रत्यक्ष शक्ती आरंभी दहा अश्वशक्तीच्या आसपास.

हे सारे काटकसरीचे शास्त्र होते. चासी म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारख्या दोन पट्ट्या. त्या मागच्या अॅक्सलपर्यंतही पोचत नसत, टोकांतून पाटे बाहेर काढून अॅक्सल त्यांवर तोललेला असे. क्रँकशाफ्टला दोनच बेअरिंगे, दोन टोकांना एकेक. तेल नळीतून थेट पुरवले जात नसे. बारीक तोट्यांतून त्याची धार फिरत्या क्रँकवर सोडली जाई आणि ते आत जाईल असा भरवसा ठेवला जाई. ब्रेक मात्र चारही चाकांना होते, जे १९२२ साली लहान मोटारीत दुर्मिळच. पण ते तारेचे, आणि तारा ताणल्या जात. कुटुंबाला रविवारी फिरायला नेण्यापुरते हे पुरेसे होते.

वेगाचा विचार कारखान्यानेही केला. १९२९ सालच्या अल्स्टरमधील टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीत कॅराचिओलाची मर्सिडीज पहिली आली, परंतु तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर सुपरचार्जर लावलेल्या दोन ऑस्टिन सेव्हन होत्या. त्यानंतर विक्रीस आलेल्या दोन आसनी स्पोर्ट्स मोटारीला ‘अल्स्टर’ हेच नाव मिळाले. पुढच्याच वर्षी ब्रुकलँड्सची पाचशे मैलांची शर्यत सॅमी डेव्हिस आणि अर्ल ऑफ मार्च यांनी अल्स्टरवरच, ताशी सुमारे ८३ मैलांच्या सरासरीने, हँडिकॅपच्या नियमांनुसार जिंकली. अल्स्टरच्या क्रँकला दाबाखाली तेल मिळे. म्हणजे साध्या गाडीत काय उणे होते, याची उत्तरपत्रिका कारखान्याने जणू स्वतःच उघड केली. पुढच्या तीस वर्षांत हजारो हौशी लोकांनी ती आपापल्या परीने उतरवून घेतली.

हौशी माणसाच्या हाती जुनी सेव्हन आली की कामाचा क्रम साधारण ठरलेला असे. प्रथम वजन. बंद टपाची जड बॉडी उतरवायची आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्याची अरुंद, उघडी बॉडी चढवायची. याला पैसा जवळजवळ लागत नाही आणि गुण मात्र वेग घेताना, वळताना आणि थांबताना असा तिहेरी येतो. नंतर इंजिन: हेड घासून किंवा बदलून कॉम्प्रेशन वाढवणे, झडपांच्या स्प्रिंगा अधिक ताठ करणे, कार्बोरेटर मोठा बसवणे, फ्लायव्हील हलके करणे. येथे त्या दोन बेअरिंगांच्या क्रँकने मर्यादा घातलेली होती. फेरे वाढले की तो मधे दोरीसारखा झोल खाई, आणि फार ताणला तर मोडे. शेवटी चाकांची बाजू: पुढचा अॅक्सल मधोमध कापून दोन्ही अर्धे बिजागरीवर बसवायचे, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे आपल्या जागी राहते. ही युक्ती लेस्ली बॅलमी यांनी रूढ केली. मागची बाजू वळणावर आपणच दिशा बदलू पाही, म्हणून तिचे पाटे सपाट करून गाडी खाली आणायची.

या क्रमाकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की त्यातला प्रत्येक बदल पुढचा दोष उघडा पाडतो. इंजिन सुधारले की ब्रेक अपुरे पडतात. ब्रेक सुधारले की चासीची लवचीकता जाणवते. चासीला आडव्या पट्ट्या जोडून ती ताठ केली की पाटे कुठे चुकतात ते कळते. एक भाग म्हणजे मोटार नव्हे, मोटार म्हणजे भागांतला संबंध, हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. ते पंधरावीस पौंडांच्या गाडीवर मिळते, कारण ती बिघडली तरी घर बुडत नाही. स्वस्तपणाचे खरे मोल हेच होते. नव्या मोटारीला करवत लावण्याची छाती कोणाची होणार?

या शाळेतले तीन विद्यार्थी पाहू. अॅलेक इस्सिगोनिस या तरुण अभियंत्याने १९३० साली एक अल्स्टर घेतली आणि तिच्यात बदल करता करता तो असमाधानी झाला. मग जॉर्ज डाउसन या मित्राबरोबर, हाताच्या अवजारांनी, कित्येक वर्षे खपून त्याने ‘लाइटवेट स्पेशल’ ही एकआसनी गाडी उभारली. इंजिन ऑस्टिनचे, पण अंग प्लायवुडवर अॅल्युमिनियम चढवलेल्या फळ्यांचे, निराळ्या चासीची गरजच नसलेले. आणि स्प्रिंगांच्या जागी रबर.

दुसरा कॉलिन चॅपमन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत असताना तो जुन्या मोटारींची खरेदीविक्री करी. १९४७ च्या अखेरीस सरकारने खाजगी वाहनांचा मूळ पेट्रोल कोटा बंद केला आणि हा व्यापार बसला. न खपलेल्यांपैकी १९३० सालची एक सेव्हन उरली. हेझल विल्यम्स या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजात, उत्तर लंडनमध्ये, १९४८ साली तिच्यातून त्याने चिखलाच्या चढणींवरील चाचणीस्पर्धांसाठी गाडी तयार केली. बॉडी पुन्हा प्लायवुड आणि अॅल्युमिनियमचीच. हीच पुढे पहिली लोटस ठरली. चरित्रांतून हेझलचा उल्लेख ओझरता येतो. गॅरेज तिच्या घरचे, स्पर्धेत शेजारच्या आसनावर ती, आणि कंपनी काढताना हातउसने दिलेले पंचवीस पौंडही तिचेच. एकट्या प्रतिभावंताची कथा रंगवायची तर या गोष्टी अडचणीच्या ठरतात.

तिसरा ब्रूस मॅक्लारेन, ऑकलंडमधील एका पेट्रोलपंप आणि दुरुस्तीशाळेच्या मालकाचा मुलगा. लहानपणी कंबरेच्या हाडाच्या विकाराने तो दीर्घकाळ अंथरुणाला खिळला होता आणि त्याचा एक पाय कायमचा आखूड राहिला. वडिलांनी १९२९ ची एक अल्स्टर सुट्या भागांच्या स्वरूपात आणली, बापलेकांनी ती जोडली आणि १९५२ मध्ये, पंधराव्या वर्षी, मुरिवाईच्या घाटचढणीत त्याने ती चालवली. सात वर्षांनी तो सेब्रिंगला ग्रां प्री जिंकला. १९७० मध्ये गुडवुडला, स्वतःच्याच कंपनीच्या मोटारीची चाचणी घेताना, त्याचा मृत्यू झाला. ती लहानशी अल्स्टर आजही वोकिंग येथे मॅक्लारेनच्या मुख्यालयात ठेवलेली आहे.

परंतु तीन नावांनी इतिहास होत नाही. त्यासाठी संस्था लागते. १९३९ साली जुन्या सेव्हनच्या मालकांनी ‘७५० क्लब’ स्थापन केला. महायुद्धानंतर पशुवैद्य हॉलंड बर्केट यांच्या पुढाकाराने त्याला तेज आले आणि १९५० च्या सुमारास ‘७५० फॉर्म्युला’ नावाची शर्यत सुरू झाली. चासी आणि इंजिन ऑस्टिन सेव्हनचेच हवे, आणि खर्च आवाक्यात राहावा, हे नियमांचे सूत्र. सर्वांना सारखेच दुबळे इंजिन दिले, की फरक डोक्याचा उरतो.

याचे उत्तम उदाहरण १९५१ चे. सेव्हनच्या चार सिलिंडरांना मिश्रण घ्यायला दोनच वाटा होत्या. दोन शेजारी मिळून एक. पेटण्याच्या क्रमामुळे हे शेजारी एकापाठोपाठ एक श्वास घेत आणि एकाच्या ओढीत दुसऱ्याचा वाटा बुडे. चॅपमनने आत येणाऱ्या वाटेत पातळ पडदा घालून दोनाच्या चार वाटा केल्या. नियमांत याला मनाई नव्हती. त्या मोसमात त्याची गाडी इतकी पुढे राहिली की क्लबने नंतर ही युक्तीच निषिद्ध केली. येथे दोन्ही बाजू बरोबर होत्या, असे मला वाटते. नियम वाचून त्यातली फट शोधणे हे चॅपमनचे शिक्षण होते. फट बुजवून नवख्याला पुन्हा संधी देणे हे क्लबचे कर्तव्य होते. एखाद्या शाळेने आपल्या सर्वांत हुशार विद्यार्थ्यापासून इतर विद्यार्थ्यांना वाचवावे, असा हा प्रकार!

ज्ञानाच्या प्रसाराचीही एक कथा आहे. सिलोनच्या चहामळ्यात जन्मलेला जॉन हेन्स हा मुलगा केंटमधील निवासी शाळेत असताना त्याने सेव्हनची स्पेशल बांधली. ती कशी बांधली ते आकृत्यांसह सांगणारी छोटी पुस्तिका त्याने १९५६ साली काढली. २५० प्रती दहा दिवसांत संपल्या. घरोघरच्या गॅरेजात पोचलेल्या हेन्स दुरुस्तीपुस्तकांचा उगम येथे आहे. गाडी पूर्ण उघडायची, पुन्हा जोडायची आणि जे प्रत्यक्ष केले तेवढेच लिहायचे, ही त्या लेखनामागची शिस्त. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तिच्याकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही.

आता दुसरी बाजू. प्रत्येक स्पेशलसाठी एक मूळ मोटार नाहीशी झाली. टपाच्या सेव्हन, ज्यांत एका पिढीने आयुष्यातला पहिला प्रवास केला, त्यांच्या बॉड्या शेकड्यांनी भंगारात गेल्या. आज संग्राहक स्पेशलची बॉडी उतरवून गाडी ‘मूळ’ रूपात आणतात. काही जण उलट साध्या गाडीची नकली अल्स्टर करतात. यांतले खरे कोणते? १९५५ साली एखाद्या कारकुनाने रात्री जागून ठोकलेला वेडावाकडा पत्रा हाही आता सत्तर वर्षांचा दस्तऐवज झाला आहे. तो काढून टाकणे हे इतिहासाचे जतन म्हणावे की खाडाखोड? माझे मत पहिल्या रूपाइतकेच दुसऱ्यालाही जपावे असे आहे. वस्तू ज्यांच्या हातून गेली त्यांच्या खुणा पुसून उरते ती केवळ विक्रीच्या दिवसाची आठवण.

१९६० मध्ये ब्रिटनमध्ये जुन्या वाहनांची सक्तीची तपासणी सुरू झाली आणि तारेच्या ब्रेकांचे दिवस भरले. पुढे क्लबच्या शर्यतीतही ऑस्टिनच्या जागी रिलायंटचे आणि नंतर फियाटचे इंजिन आले. फॉर्म्युल्याचे नाव मात्र टिकले. स्पेशलांची हौस ओसरण्याला आणखी एक कारण घडले. १९५९ साली एक अशी लहान मोटार बाजारात आली की जी कारखान्यातूनच वळणावर चिकटून धावे आणि सामान्य माणसाला परवडे. तिच्या चाकांवर रबराच्या स्प्रिंगा होत्या. तिचा रचनाकार इस्सिगोनिस. आपण तिला मिनी म्हणून ओळखतो. पण ऑस्टिनच्या दुकानांत ती पहिल्याने विकली गेली ती ‘ऑस्टिन सेव्हन’ याच नावाने.