खाली दुकान, वर बिऱ्हाड

खाली दुकान, वर बिऱ्हाड ही रीत आपल्या परभणीला नवी नाही. पण पूर्वी जमीन आणि माडी एकाच घराची असे. फ्लॅट आले, आणि एका जागेवर अनेक मालक झाले; सातबारा मात्र जुन्याच नावावर! म्हणून महाराष्ट्राने १९६३ साली 'मोफा' कायदा केला. त्यात 'फ्लॅट' म्हणजे दुकान, ऑफिस, गोदामसुद्धा. सोसायटीच्या नावे जमिनीचं खरेदीखत करून देणं बिल्डरवर बंधनकारक झालं. तरी अनेकांनी ते टाळलं. २००८ च्या दुरुस्तीने बिल्डरच्या सहीशिवायही ते मिळवण्याची सोय झाली, २०१७ साली महारेरा आलं. असो. गुंतवणूक करणारे गाळ्याचं भाडं आधी विचारतात. माझं म्हणणं, आधी जमीन विचारा.