मोती पिकेपर्यंत

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू.’ पिकणे हे क्रियापद शेतकऱ्याचे. आंबा पिकतो, केस पिकतात, गळू पिकते, तसा मोतीबिंदूही पिकतो. कच्चे काढू नये, हा शेतातला शहाणपणा या शब्दावाटे डोळ्यात उतरला आहे. शब्दाने माणसाला थांबवून धरल्याचे इतके उघड उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

हा सल्ला मुळात अडाणीपणाचा नव्हता, हे आधी नोंदवले पाहिजे. डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. ते भिंग सुरीने चिरून बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला रूढ केली. त्या पद्धतीत अर्धवट गढुळलेल्या भिंगाचा मऊ, चिकट भाग आत राहून जाई व पुढे दाह करी. पूर्ण घट्ट झालेले भिंग मात्र सुटे होऊन येई. म्हणून वाट पाहणे रास्त होते. आज भिंग ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतात. ही पद्धत चार्ल्स केल्मन यांनी १९६७ साली आणली. येथे हिशेब उलटा होतो. भिंग जितके कठीण, तितकी ते फोडायला अधिक ऊर्जा लागते, बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला सूज येण्याची व भिंगाची पिशवी फाटण्याची भीती वाढते. फारच पिकलेला मोतीबिंदू पाझरून डोळ्याचा दाबही वाढवतो. पद्धत बदलली, क्रियापद बदलले नाही.

शस्त्रक्रियेच्या धोक्यांची यादी ही आधुनिक रुग्णालयांची, वकिलांना भिऊन केलेली निर्मिती आहे, असा एक समज आहे. सुश्रुतसंहितेचे उत्तरतंत्र पाहिले तर तो टिकत नाही. तेथे ‘लिंगनाश’ या नावाने आलेल्या विकारावर शलाकेने वेध करण्याची कृती सांगितली आहे. (साहित्याच्या विद्यार्थ्याला हा शब्द दचकवतो. लिंग म्हणजे येथे ज्ञानाची खूण, दर्शनाची शक्ती.) भिंग बाहेर काढायचे नाही, दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारायचे. या कृतीइतकेच तिच्या दोषांचेही वर्णन तेथे आहे. वेध चुकल्यास लाली, सूज, ओढल्यासारखी वेदना, बुडबुडे, डुकराच्या डोळ्यासारखा डोळा होणे इत्यादी विकार ग्रंथकार मोजून सांगतो. शलाका कशी असावी आणि सदोष असल्यास काय होते, हेही सांगतो. नंतर रोग्याला शिंकणे, खोकणे, ढेकर देणे, थुंकणे वर्ज्य. कृती सांगणाऱ्यानेच अपाय सांगावेत, एकाच अध्यायात सांगावेत, हा शास्त्रलेखनाचा शिष्टाचार त्या काळी होता.

पुढे ही कृती ग्रंथाबाहेर पडली आणि गावोगाव फिरणाऱ्या, सुई बाळगणाऱ्यांच्या हाती गेली. यादी मात्र मागे राहिली. सुईने भिंग मागे ढकलले की रोग्याला त्याच क्षणी उजेड दिसे, समोर धरलेली बोटे मोजता येत, मोबदला दिला जाई आणि वैद्य पुढच्या गावाला जाई. दाह, दाबवाढ, पू होणे हे सगळे नंतर येई, तेव्हा त्याला विचारायला तो गावात नसे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात या पद्धतीवर एक संपूर्ण पुस्तक लिहिले, ते अशा बिघडून आलेल्या डोळ्यांच्या आधारे. आमच्या मते या इतिहासाचा कणा येथे आहे. प्रश्न हातातल्या कौशल्याचा जितका, तितकाच कोण थांबते याचा आहे. यश लगेच दिसते, अपाय सावकाश येतो.

थांबून नोंद ठेवणाऱ्यांत एक मराठी राजाही आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) साताऱ्याच्या प्रतापसिंहांचे समकालीन. त्यांच्या धन्वंतरी महालातील नेत्ररुग्णांची, डोळ्यांच्या चित्रांसह लिहिलेली कागदपत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली आहेत. मराठी इतिहासलेखनाने बखरींकडे जितके लक्ष दिले, त्याच्या शतांशही या रुग्णपत्रांकडे दिलेले नाही. असो.

आपल्या भागात हे थांबणे मिरजेत सुरू झाले. कॅनडात जन्मलेले व अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली भारतात आलेले विल्यम जेम्स वानलेस यांनी मिरजेत उभारलेले रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले. १८९७ पासून तेथे वैद्यकाचे शिक्षणही मिळू लागले. आजचा सांगली जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. जुन्या साताऱ्याचे काही तालुके आणि विलीन संस्थाने मिळून १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पण डोळ्यांसाठी मिरजेला जाण्याची वाट जिल्ह्याच्या हद्दीपेक्षा जुनी आहे. तंबोऱ्यांचे गाव असलेली मिरज दवाखान्यांचेही गाव झाली, ती या वाटेने.

त्या काळच्या शस्त्रक्रियेत डोळा बराच मोठा चिरावा लागे आणि जखमेला टाके घालण्याइतके बारीक दोरे नव्हते. म्हणून रोग्याला दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसचे दिवस उताणे ठेवत. एक जोराचा खोकला आला तरी जखम उघडून डोळ्याच्या आतला द्रव बाहेर येण्याचा धोका. सुश्रुताचे निषेध येथे जसेच्या तसे परत आलेले दिसतात. शिवाय म्हाताऱ्या माणसाला इतके दिवस निजवून ठेवण्याचे दुष्परिणाम वेगळेच होते. फुप्फुसात कफ साठे, अंधारात भ्रम होई. तरीही रोगी डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असे. काही बिघडले तर ते बिघडवणाऱ्याला दिसे.

भिंग काढले, पण त्याच्या जागी काहीच बसवले नाही, तर काय होते हे आमच्या पिढीने घरात पाहिले आहे. आमच्यापैकी एकाच्या आजीला तो काचेच्या बुडासारखा जाड चष्मा होता. अशा चष्म्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसतात, म्हणजेच जवळ वाटतात. आजी कपात चहा ओतताना बशीत ओतायची आणि कप सरकला म्हणून नातवंडांवर रागवायची. भिंगाच्या कडेला दृष्टीचा एक पट्टा पूर्ण लुप्त होतो. त्यातून माणूस एकदम समोर उगवल्यासारखा येतो. ती दचकायची, आम्ही हसायचो. शस्त्रक्रिया कागदोपत्री यशस्वीच होती.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले, ते याच उणिवेवर उपाय म्हणून. युद्धात लढाऊ विमानाच्या छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले, तरी डोळा त्यांना सहन करतो, असे त्यांनी पाहिले होते. त्यातून पर्स्पेक्सचे भिंग आले. पहिल्याच रुग्णाला बसवलेल्या भिंगाचा नंबर बराच चुकला. पुढच्या रुग्णांत भिंगे जागेवरून घसरली, दाह झाला, दाब वाढला, काही काढून टाकावी लागली. समव्यवसायिकांनी रिडलींची दीर्घकाळ हेटाळणी केली. आम्हाला ती सर्वस्वी अन्यायाची वाटत नाही. परकी वस्तू कायमची आत ठेवण्याला विरोध करणारे लोकही रोग्याच्याच बाजूने बोलत होते. वृद्धापकाळी रिडलींच्या स्वतःच्या डोळ्यांत अशी भिंगे बसली.

भारतात हे भिंग सामान्यांपर्यंत यायला १९९० चे दशक उजाडले. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे बनवली. १९९४ मध्ये सुरू झालेल्या, जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या प्रकल्पात महाराष्ट्र होता. शाळांच्या वर्गांत भरणारी शिबिरे मागे पडून शस्त्रक्रिया रुग्णालयात होऊ लागल्या. तो बदल का आवश्यक होता, हे खानदेशच्या सीमेला लागून असलेल्या बडवानीने २०१५ मध्ये पुन्हा दाखवले. तेथे सामूहिक शस्त्रक्रियांनंतर झालेल्या जंतुसंसर्गात चाळीसहून अधिक जणांची दृष्टी गेली, आणि तेही रुग्णालयात. नुसती इमारत पुरत नाही.

आज जंतुसंसर्ग दुर्मीळ आहे. हजार शस्त्रक्रियांत एखादा, किंवा त्याहून कमी. पण तो झाला तर तासांचा प्रश्न असतो. पिशवी फाटून भिंगाचा तुकडा मागे पडणे, मध्यभागी सूज येऊन काही आठवड्यांनी दृष्टी मंदावणे, नंबर चुकणे, रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे (दूरचे व जवळचे दोन्ही दाखवणाऱ्या बहुकेंद्री भिंगांत हे अधिक), डोळा कोरडा पडणे, हे इतर अपाय. प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिनची गोळी बुबुळ सैल करून शस्त्रक्रिया अवघड करते, हे २००५ साली उजेडात आले. आपल्या घरांतले पुरुष ही गोळी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगत नाहीत. लघवीचा डोळ्याशी काय संबंध, असे त्यांना वाटते. आणि मोतीबिंदू नसताना केवळ चष्मा नको म्हणून चांगले भिंग बदलून घेणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे, की धोके तेच राहतात, पणाला लागलेली वस्तू बदलते. आंधळ्याने लावलेला डाव आणि डोळसाने लावलेला डाव सारखे नव्हेत. तरुण व मोठ्या उणे नंबराच्या माणसाला तर मागचा पडदा सुटण्याची भीतीही अधिक.

पडदा या शब्दापाशी आम्ही अडखळतो. डोळ्यावर पडदा आला म्हणजे मोतीबिंदू. मागचा पडदा म्हणजे दृष्टिपटल. शस्त्रक्रियेनंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी पिशवी गढुळते आणि लेसरने मोकळी करता येते, त्या निरुपद्रवी गोष्टीला कोणी जाळी म्हणतात, कोणी पडदाच. आयुर्वेदात तिमिर, काच, लिंगनाश या एकाच विकाराच्या पायऱ्या होत्या. आजच्या मराठीत काचबिंदू हा वेगळाच रोग आहे, ज्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. मोती आणि काच यांची जोडी बोलायला सोपी म्हणून माणसे दोहोंनाही ‘बिंदू आहे, काढू’ म्हणतात. ‘बिनटाक्याचे, दहा मिनिटांचे’ या जाहिरातीच्या शब्दांनी उरलेले काम केले. दहा मिनिटांची ती शस्त्रक्रिया. तिची जखम, थेंब आणि वाट पाहणे आठवड्यांचे. रोगी त्याच दिवशी घरी जातो. म्हणजे फिरत्या वैद्याच्या काळाप्रमाणेच बिघाड सुरू होतो तेव्हा दोघे एका गावात नसतात. फरक एवढाच, की आता रोगी निघून गेलेला असतो.

आमच्यापैकी एकाच्या वडिलांचे ऑपरेशन नुकतेच झाले. संमतिपत्रावर मराठी होती, पण ती अनुवादित, आणि सही घेताना कोणी वाचून दाखवली नाही. घरी मिळालेल्या कार्डावर डोके धुऊ नका, वाकू नका, ओझे उचलू नका असे निषेध होते. कोणत्या खुणेला रात्रीसुद्धा गाडी काढून यायचे, ते नव्हते. म्हणून कार्डाच्या पाठीवर आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून दिले: दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, लाली वाढली, दिसत होते ते कमी झाले, डोळ्यात विजा चमकल्या किंवा कडेने पडदा उतरल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी दवाखाना. तात्यांनी ते ऑपरेशनच्या डोळ्याने वाचून दाखवले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

“पडदा तर काढला की रे काल. मग हा कुठला?”