कोर्टकथेत न आलेला बोगदा

अमेरिकन कोर्टकथा आपल्याकडे आता नव्या राहिलेल्या नाहीत. जॉन ग्रिशॅमच्या कादंबऱ्या मराठीत आल्या, ग्रंथालयांतून त्या फिरत असतात, आणि तशा कथांवरचे चित्रपट आपली मुले मोबाइलवर पाहतात. त्यांतला एक प्रकार चळवळीतल्या तरुणांना विशेष आवडतो, आणि तो आवडावा हे स्वाभाविक आहे. एक बलाढ्य कंपनी असते. ती पाण्यात विष सोडते, किंवा विमा देऊन आजारपणात हात वर करते. गरीब माणसे मरत असतात. मग एक वकील उभा राहतो. तो कर्ज काढतो, बायकोशी भांडतो, रात्री जागून कागदांचे ढीग उपसतो, आणि त्या ढिगात कंपनीचे पाप सांगणारा एक कागद त्याच्या हाती लागतो. वर्गात असाच एक चित्रपट दाखवल्यावर एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, आपल्याकडे असा वकील का निघत नाही?”

त्या दिवशी मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. हा वकील अमेरिकेत तरी कुणासाठी निघाला आणि कुणासाठी निघाला नाही, हे इतिहासात पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही, असे माझे मत झाले आहे.

कोर्टात उलगडणारी खुनाची गोष्ट जुनी आहे. कंपनीला आरोपीच्या जागी उभी करणारी कादंबरी मात्र गेल्या शतकाच्या अखेरीस बाजारात जोरात आली. स्कॉट टुरोची ‘प्रिझ्यूम्ड इनोसंट’ १९८७ साली, ग्रिशॅमची ‘द फर्म’ १९९१ साली निघाली, आणि या प्रकाराला लाखोंचा वाचक मिळाला. १९९६ च्या ‘द रनअवे ज्यूरी’मध्ये आरोपी आहेत सिगारेट कंपन्या. २००३ साली तिचा चित्रपट झाला तेव्हा सिगारेट जाऊन तिथे बंदूक आली. आरोपी बदलला तरी सांगाड्याला धक्का लागत नाही, तो असा पक्का आहे.

तीन खरी प्रकरणे या सांगाड्यात उत्तम बसली. मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावात मुलांना रक्ताचा कर्करोग होऊ लागला. गावाच्या दोन विहिरींत कारखान्यांची रसायने उतरल्याचे १९७९ साली उघड झाले. पालकांनी १९८२ साली दावा लावला, १९८६ साली तो चालला. एक कंपनी सुटली आणि दुसरीने ८० लाख डॉलरवर तडजोड केली. त्यावर जोनाथन हार यांनी ‘अ सिव्हिल अ‍ॅक्शन’ हे पुस्तक १९९५ साली लिहिले. दुसरे प्रकरण कॅलिफोर्नियातल्या हिंकलीचे. तिथल्या भूजलात वीज-गॅस कंपनीचे क्रोमियम उतरले होते. १९९६ साली ३३ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली आणि २००० साली ‘एरिन ब्रोकोविच’ हा चित्रपट आला. तिसरे वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गचे. ड्यूपाँट कंपनीच्या टेफ्लॉन कारखान्यातले रसायन नदीत, ओढ्यात, गुरांच्या पोटात आणि माणसांच्या रक्तात गेले. सुमारे ६९ हजार लोकांचे रक्त तपासले गेले, २०१७ साली सुमारे ६७ कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि २०१९ साली ‘डार्क वॉटर्स’ आला.

ही तिन्ही प्रकरणे पाण्याची आहेत, हे आपल्या वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. त्याकडे मी पुढे येतो.

या कथांत मूळ शोध कुणाचा असतो ते पाहा. वोबर्नमध्ये एका आजारी मुलाच्या आईने आपल्या आळीत किती मुले आजारी आहेत हे घरोघर विचारून मोजले. तज्ज्ञ मागाहून आले. पार्कर्सबर्गच्या शेतकऱ्याने मेलेल्या गाई स्वतः फाडून आतडी पाहिली, त्यांचे चित्रण केले, आणि त्या फिती घेऊन तो वकिलाच्या दारात गेला. तो वकील तोवर रसायन कंपन्यांच्याच बाजूने काम करीत होता. तो बदलला, ही गोष्ट मोठीच आहे, तिचा मान राखला पाहिजे. पण थरारकथेची गंमत अशी की ती त्याच्या बदलण्याची गोष्ट होते. शेतकरी पहिल्या अर्ध्या तासाचा धनी. २००९ साली तो वारला, तेव्हा शेवटची तडजोड आठ वर्षे दूर होती.

वकील नायक होण्यामागे रोकडे अर्थकारण आहे. तिथल्या नुकसानभरपाईच्या दाव्यात वकील पदरचा पैसा घालतो, आणि दावा जिंकला तर रकमेत वाटा घेतो. हिंकलीच्या तडजोडीत हा वाटा चाळीस टक्के होता. म्हणजे कथेतला वकील भांडवल गुंतवणारा माणूस आहे. त्याची झोप उडते ती करुणेने उडते तशी कर्जानेही उडते. वोबर्नचा वकील खरोखरच दिवाळखोर झाला. हार यांचे पुस्तक मला या साऱ्यांत प्रामाणिक वाटते ते यामुळे, की ते हा हिशेब लपवत नाही. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला निकालावर फी ठरवता येत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे एका बोगद्यात आहे.

पार्कर्सबर्गच्याच राज्यात, दक्षिणेला गॉली ब्रिज नावाचे गाव आहे. १९३० साली तिथे डोंगर फोडून सुमारे तीन मैलांचा बोगदा काढायला सुरुवात झाली. नदीचे पाणी वळवून वीज करायची आणि ती युनियन कार्बाइडच्या धातू कारखान्याला द्यायची, अशी योजना होती. हे नाव वाचून वाचक थबकला असेल. होय, तीच युनियन कार्बाइड. काम तिने थेट केले नाही. तिची एक उपकंपनी, आणि उपकंपनीने नेमलेला कंत्राटदार. मंदीचा काळ होता, दक्षिणेतून भुकेलेले काळे मजूर गाड्या भरभरून आले. बोगद्याच्या आत राबलेले सुमारे तीन हजार, त्यांत जवळजवळ तीन चतुर्थांश काळे.

डोंगर निघाला अतिशय शुद्ध सिलिकाचा, म्हणजे गारगोटीचा. कंपनीला हा खडक विकत घ्यावा लागण्यासारखा माल होता. तो कारखान्याकडे रवाना होऊ लागला. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की माणूस गुदमरून मरतो, हे तेव्हा ठाऊक होते. ड्रिलवर पाणी मारले तर धूळ बसते, हेही ठाऊक होते. पण पाणी मारले की काम मंदावते. म्हणून कोरडे ड्रिल चालले. मजुरांना मास्क नव्हते. पाहणीला येणारे इंजिनियर मात्र मास्क लावून येत. पाळी संपवून बाहेर पडणारे सगळे पांढरेफटक दिसत, काळा कोण आणि गोरा कोण ओळखू येत नसे, असे साक्षींत आले आहे. त्या गावात दोघांत फरक राहिला नाही, अशी जागा ती एकच असावी. इतर खाणींत हा रोग व्हायला वर्षे लागतात, इथे माणसे महिन्यांत मरू लागली. कंपनीच्या डॉक्टरांनी रोगाला ‘टनेलायटिस’ असे नाव दिले आणि काळ्या गोळ्या वाटल्या.

गोऱ्यांच्या दफनभूमीत काळ्यांना जागा नव्हती. समर्सव्हिल गावाजवळच्या एका शेतात त्यांना पुरले गेले. किती मेले? तिथे लागलेल्या सरकारी फलकावर १०९ हा कबूल केलेला आकडा आहे. १९३६ साली अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे ४७६ चा आकडा आला. १९८६ साली डॉ. मार्टिन चर्नियाक यांनी जुन्या नोंदी ताडून ७६४ चा अंदाज मांडला. बरेच मजूर खोकत खोकत दक्षिणेतल्या गावी परतले. त्यांची नोंद कोण ठेवणार?

कोर्टात काय झाले, हे या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे. दावे शेकड्यांनी लागले. पहिला खटला १९३३ साली चालला आणि ज्यूरीचे एकमत झाले नाही. मग दीडशेहून अधिक दाव्यांची मिळून १ लाख ३० हजार डॉलरवर तडजोड झाली, त्यातला निम्मा पैसा वकिलांकडे गेला. वाटप कातडीप्रमाणे झाले: अविवाहित काळ्याला चारशे, अविवाहित गोऱ्याला आठशे. पुढे आणखी एक गोष्ट उघड झाली. पुन्हा दावे लावणार नाही आणि खटल्याचे कागद देऊन टाकू, या बोलीवर मजुरांच्या वकिलांनी दुसऱ्या बाजूकडून गुपचूप २० हजार डॉलर घेतले होते. थरारकथेतला वकील ज्या कागदासाठी रात्री जागतो, ते कागद इथे मजुरांच्याच वकिलांनी विकले. काँग्रेसच्या उपसमितीने सविस्तर चौकशीची शिफारस केली. ती चौकशी झाली नाही.

या घटनेवर साहित्य झाले नाही असे नाही. म्युरिएल रुकायझर या कवयित्रीने साक्षींचे कागद कवितेत घेऊन ‘द बुक ऑफ द डेड’ ही दीर्घ रचना १९३८ साली प्रसिद्ध केली. ह्यूबर्ट स्किडमोरची ‘हॉक्स नेस्ट’ ही कादंबरी १९४१ साली निघाली आणि जवळजवळ लगेच बाजारातून काढून घेतली गेली. कंपनीच्या दबावामुळे, असे सांगितले जाते. जॉश व्हाइट या काळ्या गायकाने १९३६ साली टोपणनावाने सिलिकोसिसवर एक ब्लूज गाणे ध्वनिमुद्रित केले. गाणे झाले, कविता झाली. ग्रिशॅमच्या परंपरेतली गाजलेली कोर्टकथा मात्र या बोगद्यावर झाली नाही. ती होणार तरी कशी? नायक करायला वकील हवा, आणि वकिलाने तर मयतांची बाजू विकलेली. साहित्यप्रकार आपल्याला सोयीचा इतिहास निवडतात, हे आपण मराठी ग्रामीण कादंबरीच्या बाबतीत पाहिलेच आहे. सांगाड्यात बसतील ती दुःखे घेतली जातात. वोबर्न, हिंकली, पार्कर्सबर्ग या चित्रपटांत फिर्यादीच्या जागी मुख्यतः गोरी कुटुंबे आहेत, हा योगायोग मानायला माझे मन तयार नाही. त्या कुटुंबांचे दुःख कमी होते असे मी म्हणत नाही. पण प्रेक्षकाला ‘हे माझे घर असू शकले असते’ असे वाटावे लागते, आणि त्या प्रेक्षकाच्या कल्पनेत बोगद्यातला काळा मजूर त्याच्या घरी येत नाही.

मग भोपाळ. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीची हकीकत सांगण्याची गरज नाही. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकन वकील विमानांनी भोपाळला उतरले आणि वस्त्यांतून वकीलपत्रांवर अंगठे घेऊ लागले. १९८५ साली भारत सरकारने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. न्यूयॉर्कच्या न्यायमूर्ती कीनन यांनी मे १९८६ मध्ये खटला भारतात पाठवला. तो अमेरिकेत ठेवणे हा साम्राज्यवादाचा आणखी एक नमुना ठरेल, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. साम्राज्यवादाची एवढी चाड अमेरिकन कोर्टाला कंपनी आरोपी असतानाच वाटावी, हे खासच. सरकारने मागितले होते ३३० कोटी डॉलर. फेब्रुवारी १९८९ मध्ये तडजोड झाली ४७ कोटींवर, आणि ती पीडितांना न विचारता. बहुतेक जखमींच्या हाती सुरुवातीला २५ हजार रुपये पडले. जून २०१० मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगोलग जामीन. वाढीव भरपाईची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ साली पिथमपूरला नेऊन जाळला गेला. या चार दशकांत रस्त्यावर उभ्या राहिल्या त्या गॅसपीडित बाया, त्यांच्या संघटना, त्यांचे दिल्लीपर्यंतचे पायी मोर्चे. या कथेत शेवटच्या दिवशी कोर्ट दणाणून सोडणारे भाषण नाही. तारखा आहेत.

तारखांची गोष्ट आपल्याला परकी नाही. पाण्याचा आपलाही एक दावा आहे. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला. प्रतिवादी होते स्वतः डॉ. आंबेडकर. खालचे कोर्ट, ठाण्याचे कोर्ट, आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्ट: अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट पुराणकाळापासून चालत आल्याचे शाबीत झाले नाही, म्हणून निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे एका तळ्यासाठी. त्या दाव्यात ज्याला पाणी नाकारले तो आणि ज्याला कायदा कळतो तो, असे दोन वेगळे इसम नव्हते. म्हणूनच असेल, थरारकथेच्या चौकटीत महाड बसवू पाहिला तर तिच्या नायकाला करायला काही उरत नाही.

मराठीत एक चित्रपट झाला आहे, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, २०१४ सालचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या विद्यार्थ्यांना तो पहिल्यांदा कंटाळवाणा वाटला आणि मी तो मुद्दाम पुन्हा दाखवला. गटारात उतरणारा एक कामगार मेला आहे, आणि त्याने आपल्या गाण्यामुळे आत्महत्या केली, असा आरोप नारायण कांबळे या शाहिरावर आहे. बचावाचा वकील सज्जन आहे, सुखवस्तू आहे, मनापासून काम करतो. कामगाराला साधने न देता खाली कुणी उतरवले, हा खटला कुणी भरतच नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात गाणे उभे आहे. मग कामगाराची बायको साक्षीला येते. थोडके बोलते, विचारले तेवढे. नवरा दारू पिऊन उतरायचा, कारण वास सोसत नसे. आत हवा आहे की नाही हे कळायला तो आधी खडा टाकायचा, आणि झुरळे बाहेर आली तर उतरायचा.

दुसऱ्यांदा पाहताना त्या जागी वर्गात कुणी हलले नाही. ज्याने मला प्रश्न विचारला होता त्याचे वडील नगरपालिकेत कंत्राटावर आहेत, हे मला नंतर कळले.