हेलिकॉप्टर, दोन एंजिनांचे हलके

दोन टरबाइन एंजिनांच्या शक्तीवर उडणारे व पूर्ण भारासह साधारणतः अडीच ते सहा टन वजनाचे हेलिकॉप्टर. एक एंजिन बंद पडले, तरी दुसऱ्याच्या बळावर उड्डाण चालू ठेवता यावे, हा या रचनेचा मूळ हेतू. समुद्र, अरण्य वा दाट वस्ती यांवरून जाताना खाली उतरण्यास जागा नसते. म्हणून अशा कामांसाठी दोन एंजिने आवश्यक मानली जाऊ लागली. तथापि या वर्गात दुहेरी असते ते केवळ एंजिन. मुख्य दंतचक्रपेटी, मुख्य घूर्णक (फिरती पाती व त्यांचा तुंबा), शेपटीचा घूर्णक आणि पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा ही सर्व एकेकटीच असतात. दुसऱ्या एंजिनाने मिळणारी सुरक्षितता कोठवर पुरते आणि कोठे संपते, हा या हेलिकॉप्टरांच्या इतिहासातील कळीचा प्रश्न ठरला आहे. महाराष्ट्रातील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

इतिहास : या वर्गातील आद्य हेलिकॉप्टर म्हणजे पश्चिम जर्मनीतील बो–१०५ हे होय. त्याचे पहिले उड्डाण १६ फेब्रुवारी १९६७ रोजी झाले. त्यानंतर फ्रान्सचे दोन एंजिनांचे डॉफिन (१९७५) व अमेरिकेचे सिकॉर्स्की एस–७६ (१९७७) ही काहीशी मोठी हेलिकॉप्टरे आली. सागरी तेलक्षेत्रांच्या वाढीमुळे त्यांना मोठी मागणी मिळाली.

महाराष्ट्रात हीच निकड मुंबई हाय क्षेत्रामुळे निर्माण झाली. मुंबईपासून सु. १६० किमी. अंतरावरील या क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. फलाटांवरील कर्मचाऱ्यांची ने-आण करण्यासाठी हेलिकॉप्टर अपरिहार्य होते. या कामासाठी १९८५ मध्ये केंद्र सरकारने हेलिकॉप्टर महामंडळ स्थापन केले. तेच पुढे पवन हंस या नावाने ओळखले जाऊ लागले. मुंबईतील जुहू विमानतळ हे त्याचे प्रमुख केंद्र बनले. महामंडळाने डॉफिन हेलिकॉप्टरांबरोबरच ब्रिटनमधील येओव्हिल येथील कारखान्यात तयार झालेली २१ वेस्टलँड–३० हेलिकॉप्टरे घेतली.

वेस्टलँड–३० हे लिंक्स या लष्करी हेलिकॉप्टरावरून विकसित केलेले, १७ ते १९ प्रवाशांचे यान होते. त्याचे पहिले उड्डाण १० एप्रिल १९७९ रोजी झाले. खरेदीविषयी भारत सरकार साशंक होते. परंतु ब्रिटिश सरकारने देऊ केलेले सु. ६.५ कोटी पौंडांचे साहाय्य याच खरेदीशी निगडित होते. वेस्टलँड कंपनी त्या वेळी आर्थिक संकटात होती आणि तिच्या भवितव्यावरून झालेल्या वादात जानेवारी १९८६ मध्ये ब्रिटनच्या दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले. अशा परिस्थितीत पुरेशा अनुभवाने पारखले न गेलेले यान भारतात आले. या प्रकारची एकूण सु. ४० हेलिकॉप्टरेच जगात तयार झाली. त्यांपैकी निम्मी भारताच्या वाट्याला आली.

गुणदोष : लिंक्सकडून आलेला टिटॅनियमचा ताठ घूर्णक चपळ हालचालींस योग्य होता, मात्र ताठ घूर्णकाची कंपने यानाच्या सांगाड्यात अधिक प्रमाणात उतरतात. सैनिकाला ती सोसावी लागतात, रोजच्या प्रवाशाला सोसवत नाहीत. म्हणून घूर्णक, दंतचक्रपेटी व एंजिने एका स्वतंत्र चौकटीवर बसवून ती रबरसदृश लवचिक आधारांवर टेकविण्यात आली. कंपने कमी झाली, पण वजन व देखभाल वाढली. दुसरी अडचण शक्तीची होती. आरंभीची जेम एंजिने उष्ण प्रदेशात अपुरी पडत. म्हणून भारतासाठीच्या यानांत अधिक शक्तीची जेम–६० एंजिने बसविण्यात आली.

तरीही या यानांचा भारतातील काळ अल्पच ठरला. १९८८ मध्ये जम्मू भागात व १९८९ मध्ये नागालँडमध्ये अशा दोन प्राणघातक अपघातांत दोन याने नष्ट झाली. १९९१ मध्ये उरलेल्या १९ यानांचे उड्डाण थांबविण्यात आले आणि १९९९ मध्ये ती सर्व मिळून अवघ्या सु. ९ लक्ष पौंडांना विकली गेली. त्यांच्याच बरोबरीने घेतलेली डॉफिन हेलिकॉप्टरे मात्र तीन दशकांहून अधिक काळ सेवेत राहिली. साहाय्य म्हणून मिळणाऱ्या यंत्राची किंमत कमी भासते. पण ते यंत्र स्थानिक हवामानात किती दिवस चालेल व त्याचे सुटे भाग किती वर्षे मिळतील, यांचा हिशेब निराळाच असतो, हे या व्यवहारातून दिसून आले.

दोषशोधन : दोन एंजिने एकाच दंतचक्रपेटीला शक्ती पुरवितात, त्यामुळे दोहोंचा भार सारखा राहणे इष्ट असते. एका एंजिनाचा टॉर्क (पीळ देणारे परिबल) कमी दिसल्यास दोष एंजिनात, इंधननियंत्रकात की केवळ मापकात आहे, हे प्रथम ठरवावे लागते. टॉर्कबरोबर तापमान व फेऱ्या यांतही फरक पडला असेल, तर दोष एंजिनाकडे असण्याचा संभव अधिक. फक्त एकच काटा वेगळे सांगत असेल, तर दोन्ही बाजूंचे मापक आपसांत बदलून पाहतात. दोष मापकाबरोबर दुसऱ्या बाजूस गेला, तर एंजिन निर्दोष ठरते. या पडताळणीसाठी जोडीचे दुसरे एंजिन आयतेच उपलब्ध असते.

कंपनांचा शोध त्यांच्या वारंवारतेवरून घेतात. मुख्य घूर्णकाच्या प्रत्येक फेरीस एकदा जाणवणारा हिसका पात्यांच्या असंतुलनाचा किंवा ती एका पातळीत फिरत नसल्याचा निदर्शक असतो. बारीक, जलद थरथर शेपटीचा घूर्णक वा त्याचा दांडा यांकडे बोट दाखविते. वंगण तेलाच्या मार्गात बसविलेल्या चुंबकीय शोधकावर धातूचे कण जमा झाल्यास दंतचक्रे वा धारवे (बेअरिंगे) झिजत असल्याची पूर्वसूचना मिळते. समुद्रावर उडणाऱ्या यानांत खाऱ्या हवेचा थर संपीडकाच्या पात्यांवर बसतो आणि एंजिन तेवढ्याच शक्तीसाठी अधिक तापू लागते. त्यावर संपीडक शुद्ध पाण्याने नियमित धुणे हा उपाय आहे. पठारावर हेच काम धूळ करते, आणि तिने पाती झिजतात.

पठारावरील उड्डाण : धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) शहराची समुद्रसपाटीपासून उंची सु. ६५० मी. आहे. मे महिन्यात तापमान ४०° से. झाले म्हणजे तेथील हवा समुद्रसपाटीवरील प्रमाणित हवेपेक्षा सु. १५ टक्क्यांनी विरळ होते. हेलिकॉप्टराच्या दृष्टीने ते शहर त्या दिवशी कळसूबाई शिखराच्या (१,६४६ मी.) उंचीवर वसलेले असते. विरळ हवेत घूर्णकाला तरंगत राहण्यासाठी अधिक शक्ती लागते, तर एंजिनाची शक्ती नेमकी त्याच वेळी घटते. अशा दिवशी पूर्ण भार घेतला, तर दोन्ही एंजिने सुस्थितीत असूनही उभ्या चढाईसाठी शिल्लक थोडी उरते. एक बंद पडल्यास उरलेल्या एंजिनावर यान जागीच तरंगत ठेवणे बहुधा शक्य होत नाही. अशा वेळी दुसरे एंजिन यान सोडवीत नाही. फक्त खाली येण्याचा वेग कमी करते.

भर उन्हाळ्यात, २५ मे २०१७ रोजी, निलंगा (लातूर जिल्हा, १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका) येथे राज्य शासनाचे दोन एंजिनांचे सिकॉर्स्की हेलिकॉप्टर उड्डाणानंतर काही क्षणांतच खाली येऊन विजेच्या तारांत अडकले व जमिनीवर आदळले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासह आतील सहाही जण बचावले. गावाजवळच्या तात्पुरत्या तळाभोवतीच्या तारा, घरे व मोकळी धूळ ही यानातील कोणत्याही बिघाडाइतकीच गंभीर जोखीम असते, याची या घटनेने जाणीव करून दिली.

भारतीय रचना : बंगळूरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने विकसित केलेले ध्रुव हे या वर्गातील भारतीय हेलिकॉप्टर ऑगस्ट १९९२ मध्ये प्रथम उडाले. ८ मार्च २०२३ रोजी नौदलाचे एक ध्रुव मुंबईजवळ समुद्रात उतरवावे लागले. तिघेही कर्मचारी वाचले. त्यानंतर नियंत्रणयंत्रणेतील ॲल्युमिनियमच्या दांड्यांऐवजी पोलादी दांडे बसविण्यात येऊ लागले. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाच्या ध्रुवच्या अपघातात तिघे मृत्युमुखी पडले व सर्व ध्रुव यानांचे उड्डाण काही महिने थांबविण्यात आले. प्राथमिक तपासात पात्यांचा कोन बदलणाऱ्या तबकडीचा भंग आढळला. दांडा किंवा तबकडी निकामी झाल्यावर एंजिनांच्या संख्येचा उपयोग नसतो. त्या भागांची नियतकालिक तपासणी व ठरल्या मुदतीत बदल हाच त्यांवरील उपाय होय.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यात पुराने वेढलेल्या ग्रामस्थांना हेलिकॉप्टरने सुखरूप बाहेर काढण्यात आले. रस्ता तुटलेल्या गावाला या यानाचा आधार किती मोलाचा असतो, हे त्यावरून स्पष्ट होते. तो आधार भरवशाचा राहण्यासाठी प्रत्येक उड्डाणापूर्वी तापमान, उंची व भार यांचा मेळ घालणे, उतरण्याच्या जागेभोवतीच्या तारा नोंदवून ठेवणे, धुळीवर पाणी मारणे आणि एकेकट्या भागांची झीज वेळीच ओळखणे आवश्यक असते. या गोष्टी पाळल्या, तरच दुसऱ्या एंजिनाचा खरा लाभ मिळतो.