वनचराई आणि कृष्णसार : निफाड-येवल्याकडील एका सीमेचा विचार

जुन्या दप्तरांचे रुमाल सोडतांना सनदा, महजर व निवाडपत्रें जपून ठेवावयाचीं आणि कुरण, वनचराई, गवत यांसंबंधींच्या फुटकळ याद्या बाजूस सारावयाच्या, अशी रीत आपल्याकडे पडली आहे. राजकारणाचा धागा ज्यांत नाहीं तो कागद निरुपयोगी, असा हा समज. अशा कागदांचें एक निराळें प्रयोजन प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. पाळीव मेंढरें व रानांतील मृग हीं कोठें व केव्हां एकत्र येतात, हा आजच्या पशुरोगशास्त्राचा महत्त्वाचा प्रश्न आहे. आणि त्याच्या उत्तराचा पूर्वार्ध इतिहासाच्या साधनांत आहे.

प्रथम स्थळाचा विचार करूं. निफाड तालुका गोदावरी व कादवा यांच्या पाण्यानें भिजलेला. त्याच्या पूर्वेस येवला तालुका लागतो; त्याचा ईशान्य भाग मात्र पर्जन्यछायेंतील, मुरमाड व गवताळ आहे. तेथें ममदापूर-राजापूरकडे काळवीट टिकून राहिले असून सुमारें ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र २०१४ सालीं संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालें. काळवीट म्हणजे संस्कृतांतील कृष्णसार. हा मृग जेथें स्वभावतः संचार करतो तो देश यज्ञास योग्य, असें मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. या मृगास मोकळें, आंखूड गवताचें माळरान लागतें. मेंढीसही तेंच लागतें. स्मृतिकारांचा यज्ञिय देश व धनगराचें चराऊ रान हीं अशा रीतीनें एकाच भूमीवर येतात.

धनगरांचे वाडे पावसाळ्यांत पर्जन्यछायेच्या माळावर असतात. कारण चिखल व संततधार मेंढीस मानवत नाहीं. पिकें निघाल्यावर ते बागाइती भागाकडे उतरतात व शेतांत मेंढ्या बसवितात. शेतकऱ्यास लेंडीखत मिळतें, मेंढपाळास धान्य किंवा पैसा. यावरून असें अनुमान निघतें कीं, मृग व मेंढरें यांची गांठ पडण्याचा संभव पावसाळ्यांत माळावर आणि उन्हाळ्यांत पाणवठ्यावर सर्वांत अधिक.

ही गांठ निरुपद्रवी नाहीं. गुरांच्या बुळकांडीनें आपल्या देशांत किती हानि केली, हें १८७१ सालच्या सरकारी पशुरोग-चौकशीच्या अहवालावरून कळतें. त्या रोगांच्या अभ्यासासाठीं १८८९ सालीं पुण्यास प्रयोगशाळा निघाली व १८९३ सालीं ती कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें गेली. याच बुळकांडीनें १९६८ सालीं दक्षिणेंत बंदीपूर-मुदुमलैच्या रानांतील गवे मोठ्या संख्येनें मेले. २०११ सालीं ती जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें; परंतु तिची भावकी अजून आहे. शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी, जिला पशुवैद्य पी. पी. आर. म्हणतात, भारतांत प्रथम १९८७ सालीं तामिळनाडूंत आढळली. २०१६ सालीं ती मंगोलियांतील शेळ्यामेंढ्यांत शिरली व तेथून सायगा नांवाच्या हरणांत जाऊन त्यांतील हजारों मेलीं. काळविटासही हा रोग होतो.

सायगाप्रमाणें अमेरिकेंतील बिगहॉर्न, म्हणजे मोठ्या शिंगांचा रानमेंढा, याचें उदाहरणही उद्बोधक आहे. पाळीव मेंढीच्या श्वासमार्गांतील एक सूक्ष्म जंतु तिला फारसा बाधत नाहीं. रानमेंढ्यांच्या कळपांत मात्र तो फुप्फुसदाह पसरवितो, आणि पुढें कित्येक वर्षें त्यांचीं कोंकरें जगत नाहींत. यास्तव आयडाहो प्रांतांतील पेएट अरण्यांत २०१० सालीं मेंढ्यांची चराई सुमारें सत्तर टक्क्यांनीं कमी करण्याचें ठरलें. रानमेंढे कोठवर भटकतात व चराईचीं रानें कोठें आहेत, यांचे नकाशे एकमेकांवर ठेवून तो निर्णय झाला.

आपल्याकडे अंतर राखण्याची कल्पना नवी नाहीं. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत चराऊ रानावर विवीताध्यक्ष आहे, तर अभयवनांतील पशूंस मारणारास दंड करण्याचें काम सूनाध्यक्षाकडे आहे. मराठेशाहींतही कुरणें राखलेलीं असत व वनचराईचा कर घेतला जाई. मात्र हीं बंधनें रोगाच्या ज्ञानानें घातलेलीं नव्हतीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. कुरण राखलें तें घोड्यांच्या गवतासाठीं, कर घेतला तो महसुलासाठीं. आणि पशूंच्या सांथींत अर्थशास्त्र नीराजन व देवतापूजनच सांगतें. तरीपण कोणाचा कळप कोणत्या रानांत चरावा याची नोंद त्या व्यवस्थेंत होत असे, आणि तीच आज मोलाची आहे.

सांप्रतच्या कायद्यांत नेमकी हीच उणीव दिसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९९१ सालीं घातलेल्या ३३-अ कलमान्वयें अभयारण्यांत व त्याभोंवतीं पांच किलोमीटरपर्यंत ठेवलेल्या जनावरांस रोगप्रतिबंधक लस टोंचली पाहिजे, व तशी लस न टोंचलेलें जनावर अभयारण्यांत चारतां येत नाहीं. निफाडांतील नांदूर-मध्यमेश्वर अभयारण्यास, जें १९८६ सालीं जाहीर झालें, हा नियम लागू आहे. परंतु कलमाचा शब्द ‘अभयारण्य’ असा आहे. ‘संवर्धन राखीव’ ही संज्ञा त्यानंतर, २००२ च्या दुरुस्तीनें आली. शिवाय चार दिवस सीमेलगत उतरून पुढें जाणारा वाडा ‘ठेवलेल्या’ जनावरांत गणावा कीं नाहीं, याचा उलगडा त्या शब्दांनीं होत नाहीं. नियम गांवच्या गोठ्याकडे पाहतो. वाड्याची वाट त्याच्या दृष्टीआड राहते.

यांत धनगरास दोषी धरण्याचें कारण नाहीं. सांथ आली म्हणजे पहिला घाव त्याच्याच कळपावर पडतो. माळ बंद करून त्यास हुसकल्यानें तो दुसऱ्या माळावर जाईल, आणि धोका फक्त जागा बदलील. पी. पी. आर. ची लस निदान तीन वर्षें पुरते, व त्याचा विषाणु जनावराबाहेर फार काळ तगत नाहीं. म्हणून वाडा माळावर चढण्यापूर्वीं लस टोंचणें, आणि मेंढरांचा पाणवठा मृगांच्या पाणवठ्याहून निराळा ठेवणें, हे दोन उपाय साध्य आहेत. पण त्यांसाठीं वाड्यांच्या वाटा व मुक्काम ठाऊक पाहिजेत.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, गांवोगांवच्या पाटील-कुळकर्ण्यांच्या दप्तरांत कुरण, वनचराई अथवा मेंढरें यांचा उल्लेख असलेला कागद रद्दींत टाकूं नये. त्यांतील गांव, शिवेच्या खुणा, महिना, जनावरांची संख्या व पाणवठ्याचें नांव, एवढ्या पांच गोष्टी तरी उतरून घ्याव्या. आणि त्या वाटांवरून आजही फिरणाऱ्या वृद्ध मेंढपाळांच्या तोंडून पडताळून पाहाव्या. माळ नांगराखालीं गेला कीं कागदांतील खुणा जमिनीवर सांपडत नाहींत. तत्पूर्वीं हें काम झालें पाहिजे.