अर्जातला जातीचा रकाना नेमका कोणी वाचायचा?

सरकारी-निमसरकारी भरतीच्या जाहिरातीत तळाला एक सूचना अनेकदा असते : लिफाफ्यावर पदाचे नाव व प्रवर्ग ठळक अक्षरात लिहावा. म्हणजे पाकीट फुटण्याआधीच पोस्टमन, आवक टेबलावरचा लिपिक, गठ्ठे वाहणारा शिपाई आणि रांगेत मागे उभा असलेला उमेदवार, सगळ्यांना कळते की हा 'अ. जा.' आहे. छाननी सोपी व्हावी म्हणून ही सूचना असते, हे मान्य. पण काम कोणाचे सोपे होते आणि त्याची किंमत कोण मोजते?

आमच्या समाजाचे नोकरीसाठीचे सुरुवातीचे अर्ज गुप्त नव्हतेच. इंग्रजांनी लष्करात महारांची भरती बंद केली तेव्हा 1890 च्या दशकात गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांपर्यंत विनंती पोहोचवली, की लष्कर, पोलीस आणि सरकारी खात्यातल्या खालच्या जागा आम्हाला खुल्या करा. या कागदांवर जात उघडपणे, आमच्याच हाताने लिहिलेली होती, कारण अन्याय जातीच्या नावाने झाला होता आणि दाद त्याच नावाने मागायची होती. म्हणून आज कोणी आम्हाला म्हणते की 'जात सांगायची लाज वाटते तर सवलत कशाला घेता', तेव्हा त्याने आधी हे अर्ज वाचावेत. प्रश्न लाजेचा कधीच नव्हता. कोणाला सांगायचे, कशासाठी सांगायचे आणि ते आपण सांगायचे की दुसऱ्याने परस्पर जाहीर करायचे, याचा तो प्रश्न आहे.

परस्पर जाहीर झाले की काय होते, ते 1917 साली बडोद्यात दिसले. परदेशातली उच्च पदवी घेतलेले बाबासाहेब संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, पण राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी धर्मशाळेच्या नोंदवहीत पारशी नाव लिहून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दाराशी आले. कचेरीतले शिपाई फायली लांबून टेबलावर फेकत, असे चरित्रकार नोंदवतात. इतक्या मोठ्या शिक्षणाच्या माणसाबद्दल त्या शहराला जाणून घ्यायची होती ती एकच माहिती.

पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, 1943 मध्ये, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. 1946 मध्ये ते प्रमाण 12.5 टक्के झाले. जातीचा रकाना आमच्यासाठी हत्यार झाला तो इथे. तोवर तो फक्त दार बंद करायला वापरला जाई.

पण या हत्याराने आमचाच एक कोपरा बराच काळ कापला, आणि त्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे, असे ठरले होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर केंद्र सरकारच्या अर्जात धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले की राखीव जागेवरचा हक्क गेला. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, तरी केंद्राची दुरुस्ती यायला 1990 साल उजाडले. मधली चौतीस वर्षे रेल्वे, पोस्ट, आयकर खात्यात अर्ज करणाऱ्या तरुणापुढे दोनच वाटा होत्या : घरात बुद्धवंदना आणि कागदावर 'हिंदू महार', नाहीतर खरे लिहून खुल्या गटात झगडायचे. आमच्या वस्त्यांत अशी कितीतरी घरे आहेत जिथे बाप बौद्ध आणि मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जुनाच धर्म. हा दुटप्पीपणा त्या माणसांचा नव्हता. माणसाच्या आतल्या श्रद्धेला नोकरीच्या कागदावर ओलीस धरणाऱ्या आदेशाचा होता.

'मग रकानाच काढून टाका' असे आता अनेक सवर्ण मित्र सुचवतात. रकाना नसला की काय होते, याचे उत्तर सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी दिले आहे. 2005 पासून 66 आठवडे त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज टपालाने पाठवले. शिक्षण, अनुभव सारखे. जात कुठेही लिहिली नव्हती, फक्त नावे वेगळी. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता, सांख्यिकीच्या हिशोबाने, 0.67 पट निघाली आणि मुस्लीम नावाला 0.33 पट. रकाना नसेल तर आडनाव वाचतात. आडनावाने भागले नाही तर मुलाखतीत 'घरी कोण असते, वडील काय करतात' असे विचारतात. रकाना काढल्याने जात पुसली जात नाही, भरपाई तेवढी पुसली जाते.

आता आजचे. आम्ही ज्या बायांमध्ये काम करतो त्यांच्यातल्या अनेकजणी अंगणवाडी मदतनीस पदासाठी कागदी अर्ज घेऊन प्रकल्प कार्यालयात जातात. विधवा असल्यास जादा गुण, अनुसूचित जातीची असल्यास जादा गुण. ही तरतूद योग्यच आहे. पण त्यासाठी नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड, मोबाईल नंबर असे सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत. टेबलावर अर्ज उघडा पडलेला असतो, पुढची बाई वाचते, गावातला पुढारी 'बघू' म्हणून उचलतो. संध्याकाळपर्यंत गावाला माहीत, कोणी अर्ज केला. मग घरी 'समजावायला' माणसे जातात : त्यांच्या हातचा खाऊ आमची पोरे खाणार नाहीत, अर्ज मागे घे.

कायदा इथे अर्धाच पोहोचतो. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. पण 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा डिजिटल माहितीला लागू होतो, किंवा कागदावरून पुढे डिजिटल केलेल्या माहितीला. जो अर्ज कागदच राहतो, कपाटात आणि नंतर रद्दीत जातो, तो या कायद्याच्या बाहेर. आणि कागदावर अर्ज करणारे कोण, हे वेगळे सांगायला नको.

आमच्याच काही कार्यकर्त्यांना भीती वाटते की गोपनीयतेच्या नावाखाली अनुशेष लपवला जाईल. भीती रास्त आहे. म्हणून भेद स्पष्ट ठेवू : बिंदुनामावली, भरलेल्या व रिक्त जागा, निवड यादीतले गुण आणि प्रवर्ग हे उघडच पाहिजे, माहितीच्या अधिकारात मागितल्याबरोबर मिळाले पाहिजे. उमेदवाराचा पत्ता, फोन, नवऱ्याच्या मृत्यूचा कागद हे गावाच्या मालकीचे नाही.

विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवर आसन क्रमांक झाकता येतो, तर अर्जाचे दोन भाग का करता येऊ नयेत? पहिल्यावर फक्त आवक क्रमांक आणि पात्रता. नाव, जात, दाखले दुसऱ्या बंद पाकिटात, ते छाननी समितीनेच फोडायचे, कोणी व कधी फोडले याची नोंद ठेवायची. लिफाफ्यावर प्रवर्गाऐवजी जाहिरात क्रमांक. भरती संपली की निवड न झालेल्यांच्या झेरॉक्स प्रती सही घेऊन परत. तोवर आम्ही आमच्या बायांना एवढेच सांगतो की पाकीट घरूनच चिकटवून न्या, टेबलावर कोणी उघडून बघायला मागितले तर त्याचे पद विचारा आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.