मोठ्या आतड्याचा कॅन्सर: उपचारांचा खर्च कसा पेलायचा?

मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरचे निदान झाले की पाठोपाठ प्रश्न येतो: खर्च किती? डॉक्टरांना हे विचारायला अनेकांना संकोच वाटतो. पण पैसे संपल्यामुळे उपचार अर्धवट सुटले, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून हा विषय पहिल्याच भेटीत काढा.

खर्च कशावर ठरतो?

मुख्यतः आजाराच्या टप्प्यावर. पहिल्या टप्प्यात बहुतेकदा फक्त शस्त्रक्रिया पुरते. तिसऱ्या टप्प्यात त्यानंतर साधारण ३ ते ६ महिने केमोथेरपी लागते. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अनेकदा रेडिएशनही द्यावे लागते. आजार यकृतात किंवा फुफ्फुसात पसरला असेल, तर महागडी टार्गेटेड औषधे लागू शकतात आणि उपचार लांबतात. त्यामुळे शौचातून रक्त जात असेल, तर ‘मूळव्याधच असेल’ म्हणून महिने घालवू नका.

बिलात न दिसणारा खर्च

• गावाहून येणे-जाणे, राहणे, जेवण
• रुग्णाची आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी किंवा बिनपगारी रजा
• पोटावर शौचाचा मार्ग (स्टोमा) केला असल्यास त्याच्या पिशव्या
• उपचारांनंतर साधारण ५ वर्षे तपासण्या: सीईए रक्ततपासणी, सीटी स्कॅन, कोलोनोस्कोपी

महाराष्ट्रात मदत कुठे मिळते?

• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: अंगीकृत रुग्णालयात प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार. दाखल होण्याआधीच शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. हेल्पलाइन: १५५३८८.
• आयुष्मान वय वंदना कार्ड: वय ७० किंवा जास्त असल्यास उत्पन्नाची अट नाही.
• धर्मादाय रुग्णालये: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला लागतो.
• रेल्वे: उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या रुग्णाला व सोबतच्या एका व्यक्तीला भाड्यात सवलत. डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते.

डॉक्टरांना काय विचाराल?

• एकूण किती सायकल आणि अंदाजे किती खर्च?
• यातले काय योजनेत किंवा विम्यात बसते आणि काय बसत नाही?
• हीच औषधे जेनेरिक मिळतील का?
• शिरेतून सलाइनऐवजी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या मला चालतील का? त्यामुळे रुग्णालयाच्या खेपा कमी होऊ शकतात.
• केमोथेरपी घराजवळच्या रुग्णालयात घेता येईल का?

लक्षात ठेवा

पैशाची अडचण आली, तर सायकल चुकवू नका आणि गोळ्या स्वतःहून कमी करू नका. आधी डॉक्टरांना किंवा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना सांगा. दागिने मोडण्याआधी किंवा शेत गहाण टाकण्याआधी ही एक भेट जरूर घ्या.